लिंबूटिंबू नको, राज्य घेता येईल असा खेळ हवा

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी दहा वर्षांची, वेळेआधी जन्मलेली, जन्मापासून पूर्ण अंध. कान तल्लख, ब्रेल वाचते, आईचा फोन टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) लावून बऱ्यापैकी चालवते. दिवाळीत घरात चुलत, आते, मामे मिळून १३ भावंडं जमतात. दुपारभर मोबाइलवर लुडो आणि गाड्यांच्या शर्यती चालतात, आणि ही कडेला बसून गुण मोजते. ताई विचारतात: सगळ्यांना मिळून खेळता येतील असे सेलवरचे किंवा मोबाइलवरचे खेळ कोणते? खर्च दोन-तीन हजारांपर्यंत. आणि भावंडं तिच्याशी खेळताना मुद्दाम हरतात, त्याचं काय करू?

ताई,

माझ्या फोनने तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा 'गुण मोजते' या शब्दांपाशी मी ते थांबवलं आणि परत ऐकलं. ते खातं लहानपणी माझ्याकडे होतं. आमच्या वाड्यात मी कायमचा पंच. कॅरममध्ये पडलेल्या सोंगट्या गोळा करायच्या, पत्ते पिसून द्यायचे, आणि लपंडावात लिंबूटिंबू. लिंबूटिंबू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांच्या पोराची त्यात मजा होते. दहा वर्षांच्या पोरीची होत नाही, ती फक्त तसं बोलून दाखवत नाही.

गेली २२ वर्षं मी अंध मुलांना संगणक आणि फोन शिकवतो आणि सुट्टीतल्या शिबिरांत खेळांचा तासही माझ्याच गळ्यात असतो. एवढ्या वर्षांत खेळ पारखायची माझी एकच रीत उरली आहे. या खेळात ही मुलगी खरीखुरी हरू शकते का? कुणी दया न दाखवता, कुणी तिचा हात न धरता, केवळ तिचं चुकलं म्हणून? तसं होत असेल तर तो खेळ तिचा. खोक्यावर 'अंधांसाठी' असं छापलेलं असो वा नसो.

ही पारख घरात करणं सोपं आहे. रात्री खोलीतले दिवे घालवा आणि खेळून बघा. भारनियमनाच्या दिवसांत घरात काय चालायचं ते आठवा. अंताक्षरी चालायची, गावांच्या नावांच्या भेंड्या चालायच्या. पत्ते बंद पडायचे. दिवे गेल्यावर जो खेळ थांबत नाही तो मुलीपुढे ठेवा. जो थांबतो, तो कशामुळे थांबला ते बघा. कधी कधी अडचण एवढीशीच असते आणि एका टिकलीने सुटते. टिकलीचं पुढे सांगतो.

आता खेळांची नावं घेतो. माझ्या पिशवीत सगळ्यात झिजलेलं खेळणं म्हणजे बॉप इट. डॅन क्लिट्सनर नावाच्या अमेरिकन खेळणीकाराने ते शोधलं आणि हॅस्ब्रो कंपनीने १९९६ साली बाजारात आणलं. मधोमध थापटायचं मोठं बटण, एका टोकाला पिळायची मूठ, दुसऱ्या टोकाला ओढायची मूठ. आत एक आवाज बसलेला आहे, तो तालात हुकूम सोडतो: बॉप इट, ट्विस्ट इट, पुल इट. हुकमाप्रमाणे थापटायचं, पिळायचं, ओढायचं. ताल चढत जातो. हात चुकला किंवा वेळ गेली की खेळ खलास. १९९८ साली आलेल्या बॉप इट एक्स्ट्रीममध्ये टिचकी मारायची दांडी आणि गरगर फिरवायचं चाक अशी आणखी दोन कामं आली. हे काही अंधांसाठी बनवलेलं खेळणं नाही. पण सगळी माहिती कानातून येते आणि सगळी कृती हातातून जाते, त्यामुळे जगभरच्या अंध खेळाडूंनी ते केव्हाच आपलं करून टाकलं.

डोळस माणूस यात कसा मार खातो तो प्रकार ऐकण्यासारखा असतो. हुकूम येतो, तो आधी खाली बघतो, मग मूठ शोधतो, मग पिळतो. अंध मूल बघण्याच्या भानगडीतच पडत नाही. त्याचे हात आधीपासून दोन्ही मुठींवर बसलेले असतात. एका शिबिरात नऊ वर्षांच्या एका मुलाने आपल्या काकांना ओळीने सहा वेळा हरवलं. सातव्या वेळी काका म्हणाले, सेल उतरलेत वाटतं.

पण खोकं उघडून सरळ तिच्या हातात देऊ नका. आधी सेल न घालता दहा मिनिटं नुसतं मांडीवर ठेवू द्या. तिला ते उलटंपालटं करू दे, कुठल्या टोकाला काय आहे, काय किती ओढलं जातं, पिळल्यावर कुठे अडतं, ते हाताला कळू दे. भावंडांनी खेळणं टेबलावर बघितलं त्याच क्षणी त्यांची ही ओळख होऊन गेलेली असते. तिला ती करून घ्यायला वेळ लागतो, आणि तो खेळाच्या घाईत मिळत नाही. मी तर मुलांना त्या भागांना आपली नावं ठेवायला सांगतो. ठोक, पीळ, ओढ. एका मुलीने ओढायच्या मुठीला 'पंप' हे नाव दिलं होतं, कारण तिच्या घरी स्टोव्ह होता.

भाषेचा घोळ होतो तो इथे. हुकूम अमेरिकन इंग्रजीत आणि भरधाव. मराठी शाळेतल्या मुलांना पहिले दोन दिवस 'ट्विस्ट' आणि 'फ्लिक' यांत फरकच कळत नाही, आणि मग सगळ्यांना वाटतं की मुलाला खेळ जमत नाही. यावर उपाय खेळण्यातच आहे. त्यात एक प्रकार असा असतो की शब्द बंद होतात आणि प्रत्येक क्रियेचा फक्त एक ठरलेला आवाज येतो. थापटण्याचा वेगळा, पिळण्याचा वेगळा. तुमच्या घरी मी तोच प्रकार लावायला सांगेन. इंग्रजी शाळेतला भाऊ आणि झेडपीच्या शाळेतली बहीण एका पातळीवर येतात. बॉप इटच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आहेत आणि सगळ्यांत सगळे प्रकार नसतात. तेव्हा विकत घेताना हा नुसत्या आवाजाचा प्रकार आहे का, आणि एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा प्रकार आहे का, एवढं विचारून घ्या.

हा देण्याघेण्याचा प्रकार म्हणजे तुमच्या १३ जणांसाठी खरी मेजवानी. यंत्र मधेच 'पास इट' म्हणतं, ते शेजाऱ्याला द्यायचं, आणि ज्याच्या हातात असताना चूक होईल तो बाद. आमच्याकडे पहिल्याच दिवशी यात खेळणं दोनदा फरशीवर आपटलं. देणाऱ्याने हवेत पुढे केलं आणि घेणाऱ्याला ते कुठे आहे ते कळलं नाही. तेव्हापासून नियम असा: गुडघ्याला गुडघा लावून गोल बसायचं, घेणाऱ्याने दोन्ही तळवे वर करून ठेवायचे, आणि खेळणं तळव्यांवर टेकल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचं नाही. हा नियम तेराही जणांना. फक्त तुमच्या मुलीपाशी आल्यावर पाळला तर ती परत लिंबूटिंबू.

दुसरं खेळणं सायमन. हे वयाने बॉप इटपेक्षा मोठं. १९७६ मध्ये शिकागोच्या एका प्रदर्शनात राल्फ बेअर यांनी अटारी कंपनीचं 'टच मी' नावाचं यंत्र बघितलं. यंत्राने दिवे आणि आवाज एका क्रमाने द्यायचे, खेळणाऱ्याने तोच क्रम बटणं दाबून परत वाजवायचा. कल्पना त्यांना आवडली, आवाज मात्र अगदी कर्कश वाटले. मग हॉवर्ड मॉरिसन यांच्याबरोबर त्यांनी आपलं यंत्र बनवलं आणि १९७८ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने ते सायमन या नावाने आणलं. चार रंगांची चार मोठी बटणं, प्रत्येकाचा एक सूर. सूर निवडताना बेअर यांनी बिगुलाचा आधार घेतला, कारण बिगुलाचं काम मोजक्या सुरांवर चालतं आणि ते कुठल्याही क्रमाने वाजले तरी कानाला खटकत नाहीत. बेअर यांना ते आवाज खटकले नसते तर सायमनही तसाच कर्कश झाला असता. त्यांच्या चोखंदळ कानामुळे तो आपल्या वाट्याला आला.

यंत्र आधी एक सूर देतं, तुम्ही तो वाजवायचा. मग दोन, मग तीन. मूळ सायमनच्या सगळ्यात अवघड पातळीवर ही माळ ३१ सुरांपर्यंत जाते. डोळस मुलं 'हिरवा, हिरवा, लाल, निळा' असं पुटपुटत पाठ करतात. अंध मुलं गुणगुणतात. बाराच्या पुढे गेल्यावर पुटपुटणाऱ्यांची फाफलायला सुरुवात होते, आणि गुणगुणणाऱ्यांना मात्र चाल सापडलेली असते. पेटी किंवा तबला शिकणारं मूल घरात असेल तर त्याच्यापासून सावध राहा.

बटणांच्या जागा कधी बदलत नाहीत: हिरवं वर डावीकडे, लाल वर उजवीकडे, पिवळं खाली डावीकडे, निळं खाली उजवीकडे. पण खेळणं गोल आहे, त्यामुळे 'वर' कुठे हे हाताला कळत नाही. इथे ती टिकली. हिरव्या बटणाच्या कडेला, बटणावर नाही, प्लास्टिकच्या कडेला, खड्याची एक टिकली चिकटवा. टिकली निघून जात असेल तर एम-सीलचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब, किंवा कापडावर नक्षी काढायच्या थ्रीडी आउटलायनरचा ठिपका. चालू करायच्या बटणाला दुसरा ठिपका. एवढं झालं की तिला खेळणं दुसऱ्याकडून सरळ करून घ्यावं लागत नाही. घेताना मात्र बटण खरोखर दबतं ना, हे दुकानात बोटाने बघा. सपाट, नुसत्या स्पर्शाने चालणारा पृष्ठभाग असेल तर परत करा.

मूळ सायमनमध्ये आणखी एक प्रकार आहे, तो दिवाळीच्या फराळानंतर लावा. यंत्र फक्त पहिला सूर देतं. पहिल्या खेळाडूने तो वाजवून आपला एक जोडायचा, दुसऱ्याने दोन्ही वाजवून तिसरा जोडायचा. भेंड्यांसारखी साखळी. तेरा जणांत हा खेळ रंगला की स्वयंपाकघरातून मोठी माणसंही येऊन बसतात. मग फराळाचे डबे कोण भरणार, यावर भांडण होतं.

आता मोबाइल. इथे तुमचा हिरमोड होणार आहे, म्हणून आधीच सांगतो.

टॉकबॅक लावल्यावर पडदा वेगळा वागतो. एकदा बोट टेकवलं की काय आहे ते तो बोलून दाखवतो, आणि दाबायचं असेल तर दोनदा टकटक करावी लागते. पाळीपाळीने खेळायच्या खेळात याने काही बिघडत नाही. पण गाडी वळवायची, फळ कापायचं, चेंडू टोलवायचा, अशा क्षणाच्या खेळात तिचा निम्मा वेळ टकटकीत जातो. तो खेळ तिला जमत नाही असं भावंडांना वाटतं, तिलाही वाटतं. त्यावर उपाय शोधत बसू नका, तसले खेळ सोडून द्या.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. फोनवरचे बहुतेक लोकप्रिय लुडो, रमी, कोडी ही युनिटीसारख्या इंजिनावर, म्हणजे खेळ बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, बांधलेली असतात. असं इंजिन सगळा पडदा एक चित्र म्हणून रंगवतं. तुम्हाला त्या चित्रात फासा दिसतो, सोंगटी दिसते, 'खेळा' असं बटण दिसतं. टॉकबॅकला त्यात बटण म्हणून काहीच सापडत नाही, कारण तिथे फोनच्या दृष्टीने बटण नाहीच, रंग आहेत. भिंतीवर दाराचं चित्र काढलं म्हणून दार उघडत नाही, तसं. युनिटीत फोनच्या स्क्रीन रीडरशी, म्हणजे टॉकबॅकसारख्या पडदा वाचणाऱ्या सोयीशी, बोलायची सोय आत्ता २०२३ च्या सुमारास आली. पण ती सोय वापरायचे कष्ट खेळ बनवणाऱ्याने घ्यावे लागतात, आणि जुने खेळ आपोआप सुधारत नाहीत.

म्हणून कुठलाही खेळ उतरवून घेतलात की दोन मिनिटांची चाचणी करा. टॉकबॅक चालू करा. सोय चालू केलेली असेल तर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद धरून ठेवली की होतं. डोळे मिटून पडद्यावर एक बोट डावीकडून उजवीकडे फिरवत चला. 'खेळ सुरू करा, बटण', 'तुमची पाळी', 'सोंगटी तीन' असं ऐकू आलं तर ठेवा. नुसतं 'अनलेबल्ड' ऐकू आलं, किंवा टकटक केल्यावर फोन मुकाच राहिला, तर काढून टाका. आणि जाहिरात येईपर्यंत थांबा. खेळ छान बोलतो, पण तीस सेकंदांची जाहिरात येते आणि तिची फुली टॉकबॅकला सापडत नाही, असं माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत कितीदा झालंय. पाळी तिची, फोन अडकलेला, आणि शेजारी आत्याचा मुलगा 'दे इकडे' म्हणतो. 'दे इकडे' म्हणायची वेळ ज्या खेळात दर पाच मिनिटांनी येते तो घरात नको.

मग चालतं काय? ज्या घरात विंडोज संगणक आहे तिथे मी क्वेन्टिनसी प्लेरूम लावून देतो. फुकट आहे, स्क्रीन रीडरला धरूनच बनवलेलं आहे, पत्त्यांचे आणि फाशांचे बरेच खेळ आहेत, आणि डोळस माणूसही त्यात तसाच खेळू शकतो. संगणकावर एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर घाला. याची खरी गंमत लांबच्या भावंडांबरोबर. पुण्यातली आतेबहीण, दुबईतला मामेभाऊ, सगळे एका टेबलावर. दिवाळी संपून घर रिकामं झाल्यावर नोव्हेंबरभर हे चालतं, म्हणून सांगतो. मराठी नाही त्यात, पण शब्द मोजके आहेत. पाचवी-सहावीतलं मूल आठवड्यात सरावतं. खेळ इंग्रजीत असेल तेव्हा स्क्रीन रीडरचा आवाजही भारतीय इंग्रजीचा लावा. मराठी आवाजाला इंग्रजी पत्त्यांची नावं वाचायला दिली की तो जे काही बोलतो ते कुठल्याच भाषेत बसत नाही.

पत्त्यांच्या खेळात हातातले पान गुप्त ठेवायचं असतं. तेव्हा इअरफोन एकाच कानात. दुसरा कान घरातल्या गोंधळासाठी मोकळा हवा, नाहीतर ती खेळात आहे पण माणसांत नाही असं होतं. शक्यतो वायरचा इअरफोन घ्या. ब्लूटूथला आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशीर लागतो. गाणी ऐकताना तो कळत नाही, तालाच्या खेळात मात्र तेवढ्यावर डाव जातो. ब्लूटूथचा मोठा स्पीकर लावून खेळलात तरी तेच.

नुसत्या आवाजावर चालणारे साहसाचे खेळ फोनवर आहेत. फ्रान्समध्ये बनलेला 'अ ब्लाइंड लेजंड' २०१५ चा, चांगला आहे. पण हेडफोन घालून एकट्याने खेळायचा. तुमचा प्रश्न तेरा जणांचा आहे, त्यामुळे तो एरवीसाठी ठेवा.

बजेटच्या बाहेरची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. माझ्या मावसभावाने अमेरिकेहून निन्टेंडो स्विच हे व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं होतं, आणि त्यावर २०१७ चा 'वन टू स्विच' हा खेळ होता. छोटे छोटे २८ खेळ, आणि त्यातल्या बऱ्याच खेळांत पडद्याकडे बघायचं नाही, समोरच्या माणसाकडे बघायचं. त्यातला चेंडू मोजायचा खेळ माझ्या हातात पडला. हातात बोटभर लांबीचा कंट्रोलर. तो तिरका केला की आतून गोट्या घरंगळल्यासारखं वाटतं. आत काहीही नाही, नुसती बारीक थरथर आहे, पण तळहाताला शपथेवर गोट्या वाटतात. हळूच कलवायचं, एकेक गोटी कडेला 'टक' लागते ती मोजायची, आणि किती आहेत ते सांगायचं. भाऊ चार म्हणाला. मी म्हटलं सहा. सहा होत्या. तिजोरी उघडायचा खेळही तसाच: कंट्रोलर किल्लीसारखा फिरवत जायचं आणि थरथर बदलली ती जागा पकडायची. मूळ स्विचमध्ये पडदा वाचून दाखवणारा आवाज नव्हता, त्यामुळे खेळ निवडायला कुणीतरी डोळस लागतो. एकदा सुरू झाला की लागत नाही. विकत घ्या असं म्हणत नाही मी. पण परदेशातून येणाऱ्या कुणा नातेवाइकाकडे असेल तर त्याला बरोबर आणायला सांगा.

तुमच्या पैशांत याहून जास्त मजा एका दुसऱ्या गोष्टीत आहे, ती म्हणजे दाराची बिनवायरची बेल. तीन-चारशेला एक मिळते, बटण वेगळं, वाजणारा डबा वेगळा, आणि धून निवडता येते. अशा चार आणा, चौघांच्या चार वेगळ्या धुना लावा, आणि करोडपतीचा खेळ मांडा. उत्तर येणाऱ्याने बेल वाजवायची. कुणी आधी दाबली याचं भांडण संपतं, कारण ते सगळ्यांनी कानाने ऐकलेलं असतं. दोन गोष्टी जपा. लांबलचक धून लावू नका. काही बेलांत ती संपेपर्यंत दुसरं काही ऐकूच येत नाही. साधं डिंग-डाँग बरं. आणि एकाच कंपनीच्या चार बेला घेतल्यात तर दुकानातच चारही दाबून बघा, एका बटणावर दोन डबे वाजत नाहीत ना.

या खेळात तुमच्या मुलीला कधी तरी अमिताभची खुर्ची द्या. प्रश्न आदल्या दिवशी तिनेच ब्रेलमध्ये लिहायचे. दिवे गेले तरी ती वाचू शकते, बाकी कुणी नाही. पण रोज नको, ताई. रोज दिली तर ती खुर्ची म्हणजे गुण मोजण्याचीच मोठी खुर्ची होते.

घरात अलेक्सासारखा बोलका स्पीकर असेल तर त्यावरची प्रश्नमंजूषा फुकटात होते. हिंदी-इंग्रजीतच आहे, मराठीत नाही. तेरा जण एकदम ओरडले की तो सगळ्यात मोठ्या गळ्याचं ऐकतो, आणि तो गळा बहुधा थोरल्या दादाचा असतो. म्हणून हातात चमचा असेल त्यानेच बोलायचं, आणि बोलून झालं की चमचा पुढे.

एक गोष्ट करू नका असं सांगतो, आणि यावर माझ्या क्षेत्रातले काही लोक माझ्याशी भांडतील. भावंडांच्या डोळ्यांवर पट्टी बांधू नका. हेतू चांगला असतो, 'तिला काय वाटतं ते त्यांना कळू दे'. प्रत्यक्षात पट्टी बांधलेलं मूल धडपडतं, खिदळतं, चाचपडत भिंतीवर आदळतं, आणि त्याला वाटतं अंध असणं म्हणजे हे. तुमची मुलगी अशी चाचपडत नाही. तिने दहा वर्षं घालवून ते शिकून घेतलंय. गोलबॉल या अंधांच्या सांघिक खेळात सगळे खेळाडू पट्टी लावतात हे खरं, पण त्याचं कारण निराळं. काहींना थोडं दिसतं, काहींना अजिबात नाही, म्हणून सगळ्यांना समान करायला. १९४६ पासून चालत आलेल्या त्या खेळाचा तो गणवेश आहे. घरात समान करायचं असेल तर दिवे घालवा. अंधार सगळ्यांवर सारखा पडतो आणि कुणाला नाटक करावं लागत नाही.

आता मुद्दाम हरण्याचं. हे थांबवायला भाषण देऊ नका, मुलांना ते पटतं आणि संध्याकाळपर्यंत विसरतं. बॉप इट आणि सायमनमध्ये मुद्दाम हरणं ऐकू येतं, एवढं फक्त तुमच्या मुलीला सांगून ठेवा. खरं चुकणारा घाईत चुकीचं बटण दाबतो, त्याचा खटका लगेच ऐकू येतो. मुद्दाम हरणारा काहीच न करता वेळ जाऊ देतो. माझ्या भाचीने, ती डोळस आहे, एकदा माझ्याशी हे केलं. पंधरा सुरांपर्यंत बिनचूक आली आणि मग एकदम शांत. मी म्हटलं, "हात उचललास तू." ती म्हणाली, "नाही मामा, विसरले." मी म्हटलं, "विसरणारा माणूस चुळबुळ करतो, तू श्वास धरून बसलीस." त्यानंतर तिने मला जे धुतलं ते दोन वर्षं चालू आहे. तुमच्या लेकीला एकदा असं कुणाला तरी पकडू द्या. भावंडांना कळलं की हिला ऐकू येतं, की सवलती आपोआप बंद होतात.

आवाजाबद्दल. दिवाळी म्हणजे फटाके, मिक्सर, हॉलमधली मालिका. तिचे कान म्हणजेच तिचे डोळे, आणि टीव्ही चालू असलेल्या खोलीत तिला खेळायला बसवणं म्हणजे बाकीच्यांना धुरात बसवणं. माडीवरची खोली द्या. उलट बाजूही आहे: काही खेळण्यांना आवाज कमी करायची सोयच नसते आणि तासाभराने तिचं डोकं दुखायला लागतं. स्पीकरच्या भोकांवर चिकटपट्टीचे दोन थर लावा, आवाज कमी होतो.

सेलविनाही एक खेळ हवाच, कारण कधी ना कधी सगळेच सेल संपतात. मॅटेलने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संस्थेबरोबर ब्रेल ऊनो काढला. ऊनो म्हणजे रंग आणि आकडे जुळवायचा पत्त्यांचा खेळ. तो मिळाला तर उत्तम, पण साधा ऊनो आणून तिच्याच पाटी-स्टायलसने ठिपके पाडलेत तरी चालतं. रंगाचं एक अक्षर, आकड्याचं एक अक्षर. ब्रेलमध्ये १ ते ० हे आकडे म्हणजे ए ते जे हीच अक्षरं, पुढे अंकचिन्ह लावलेली. पत्त्यावर ते अंकचिन्ह गाळा, एक घर वाचतं. आणि ठिपके समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पाडा, म्हणजे पान उलटं धरलं तरी बोटाला सापडतं. हे काम भावंडांना सोबत बसवून करा. शंभरावर पानं आहेत, दोन दुपारी जातात, आणि निम्म्या पोरांना तेवढ्यात ब्रेलचे दहा आकडे येऊन जातात.

तर तीन हजारांत मी असं करेन: बॉप इट किंवा सायमन, दोन्हींपैकी जे आधी मिळेल ते एक. ही आयात खेळणी आहेत, किंमत महिन्यागणिक वर-खाली होते, त्यामुळे आकडा सांगत नाही. उरलेल्यात बेला आणि ऊनो. फोनसाठी पैसे घालवू नका. तिचा टॉकबॅकचा हात आणखी पक्का करायचा असेल किंवा एनव्हीडीए शिकवायचं असेल, तर मुंबईला येणं झालं की सेंट झेवियर्स कॉलेजातल्या एक्सआरसीव्हीसी या दृष्टिबाधितांसाठीच्या केंद्रात चौकशी करा, किंवा नॅब या अंधांसाठीच्या संस्थेत.

खेळणं भाऊबीजेला हातात देऊ नका, नरकचतुर्दशीच्या आधी द्या. भावंडं यायच्या आत तिचे चार दिवस त्याच्यावर गेलेले हवेत. पहिला डाव तिने जिंकला की पुढचे तेरा जण स्वतःहून रांग लावतात. आणि तुळशीचं लग्न झालं की सेल काढून ठेवा. मी एकदा विसरलो, तर पुढच्या वर्षी डब्यात पांढरी बुरशी आणि गंजलेली स्प्रिंग. ती पॉलिश पेपरने घासत बसलो तरी एका मुठीचा आवाज काही परत आला नाही.